लडकूमामांना भूत करण्याबाबत

कडाव, ता. कर्जत
२० ऑगस्ट १९८३

तीर्थस्वरूप लडकूमामांना वाल्मिकचा दंडवत. शिळफाट्याच्या धुरात आपला दमा आणि मामीचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील. (दुसरं मामीला वाचून दाखवू नये.)

इकडे लावणी आटोपली. शाळेत चित्रकला शिकवून वेळ उरतो, म्हणून मी पुठ्ठ्यावर एक खेळ बनवला. फासे टाकायचे, कडावहून भीमाशंकराला निघायचं आणि वाटेत भुतांशी लढायचं. (सापशिडीतले साप किती वर्षं पुरणार?) भुतं बाहेरून आणावी लागली नाहीत, पारावर हवी तेवढी मिळतात. चिंचेखालच्या विहिरीवरची हडळ तर मी फार मन लावून रंगवली. उलटे पाय, मोकळे केस, हिरवा चुडा. तिच्या घरात सोंगटी पडली की दोन डाव बाद.

चित्र वाळत होतं तेवढ्यात मोतीबाई दूध घालायला आल्या. बघतच राहिल्या. "मास्तर, ही आमची आवडी हाय ना?" त्यांची लेक पहिल्या बाळंतपणात गेली आणि गावाने तिला त्या विहिरीवर बसवलं, हे मला ठाऊक होतं. तिला आई आहे, हे मात्र रंगाच्या नादात विसरलो. "ती कुनाला धरायची नाय रं. अंधाराला भ्यायची. पान्याला मलाच संगं न्यायची." मामा, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ब्रश घेऊन विचारलं, आता काय करू? किटली खाली ठेवून त्यांनी चित्रातले पाय सरळ करून घेतले, वेणी घालायला लावली, हातात कळशी दिली आणि नियमही सांगितला: आवडी वाटसराला पाणी पाजणार आणि ते प्यालेल्याला पुढे कुठलंच भूत धरणार नाही. मग काय, बातमी फुटली. चकवा नामाचा आजा निघाला, डोहातला गिऱ्हा सुंदराचा बुडालेला चुलता. सगळ्यांना विचारता विचारता खेळात नुसते पाहुणचार करणारेच उरले. तरी मी खुशीत आहे. पाच घरी चहा मिळतो.

आपला भाचा,
वाल्मिक

ता. क. खेळाला एक तरी भयंकर भूत लागतंच. ते जिवंत असलं तर परवानगी त्यालाच मागता येते. सर्वानुमते तुमचं नाव निघालं. तुमच्या घरात सोंगटी पडली की "लग्नाचं काय ठरवलंस?" याचं उत्तर द्यायचं, नाहीतर परत कडाव. उलट टपाली होकार आणि मिशीसकट फोटो पाठवावा.

ता. क. २. होकाराची वाट पाहणार होतो, पण काल पाऊस थांबेना, म्हणून डाव मांडलाच. तीन डाव झाले, तिन्ही मोतीबाईच जिंकल्या. तीनदा तुमच्या तावडीत सापडल्या, पण लेकीच्या हातचं पाणी प्यालेल्या. तुमची काही मात्रा चालली नाही.