एका रांगेतली तीन तिकिटं

मार्च, दुपार
तलावाच्या कट्ट्यावरून

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. रागात आहे, तरी ते देते.

मी ठीक. गुडघाही ठीक. पोहण्याचा नवा वर्ग सुरू झालाय आणि पाण्याला घाबरणारी पोरं माझ्या दंडांना लटकतायत. त्यांच्यापैकी कुणालाही माझा दंड अजून जास्त झालेला नाही. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच "बरं बरं" करतेस आणि माझा राग अर्धवटच राहतो.

तू पाठवलेली तिकिटं मिळाली. त्यांच्याकडे येतेच. आधी तो विमानातला माणूस. आईला भेटायला आपण दादाकडे गेलो तेव्हाचा, माझ्या शेजारचा. अजून डोक्यातून जात नाही मेला! स्वतःचे गुडघे ऐसपैस पसरलेले, कोपर माझ्या बरगडीत, आणि उसासे मात्र तोच टाकतोय. मी खांदे आखडून, हात पोटाशी घेऊन, श्वाससुद्धा बेताने घेत बसले होते. माझा पट्टा पुरेना म्हणून हवाई सुंदरीने जोडपट्टी आणली, तीही अख्ख्या विमानाला दिसेल अशी उंच धरून. तेवढ्यात हा तिला म्हणतो, "मी पूर्ण सीटचे पैसे भरलेत. ह्या बाईंचं काहीतरी करा."

ह्या बाईंचं! मी काय वाटेत पडलेलं सामान आहे? सीट अरुंद करणारे वेगळेच, आणि मान खाली मी घालायची!

पण खरं सांगू? त्याचा राग एव्हाना विरला असता. परक्या माणसाचा राग किती दिवस पुरतो?

मी दुसऱ्या बाजूला, खिडकीशी बसलेल्या तुझ्याकडे बघितलं होतं. तू खिडकीतून ढग बघत होतीस. विमान अजून जमिनीवर होतं, चिमणे.

ती हवाई सुंदरी बिचारी चांगली होती. तिने तुला विचारलं, "मागे दोन जागा रिकाम्या आहेत. ह्या तुमच्यासोबत आहेत का? दोघींना एकत्र बसवते." आणि तू म्हणालीस, "नाही, नाही. मी एकटीच आहे."

मी उठले. संडासाशेजारच्या रांगेत जाऊन बसले. उतरल्यावर सामान घेताना तू हसून म्हणालीस, "ताई, मागे मोकळं मिळालं ना गं?" मी "हो" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

लहानपणी एका खाटेवर झोपायचो आपण. तू मला ढकलत ढकलत भिंतीला चिकटवायचीस, गार पाय माझ्या पोटाखाली खुपसायचीस आणि म्हणायचीस, "ताई, तू किती गरम आहेस!" तेव्हा मी तुझ्यासोबत होते. जागेचा हिशोब मी कधी मागितला नाही.

आता तिकिटं. आईला आणायला जायचंय, तू पुढाकार घेतलास, बरं वाटलं. मग बघते तर जाताना आपण दोघी दोन रांगांत. वर तुझा निरोप, "तुला आरामात बसता येईल." माझ्या आरामाची एवढी काळजी! तेही गिळलं असतं. पण येतानाची तिकिटं बघितली आणि डोकंच फिरलं. तिघी तीन रांगांत! आई पहिल्यांदा विमानात बसणार. तिला पट्टा लावता येणार नाही, कान दुखले तर कुणाला सांगायचं ते कळणार नाही. आणि तू तिला परक्यांत बसवतेस?

मी अंगाने आईवर गेलेय, हे विसरलीस की नेमकं तेच लक्षात ठेवलंस?

तिकिटं बदल. तिघींना एक रांग. खिडकी तुलाच, नेहमीसारखी. आई मध्ये, कडेला मी. तिचा दंड तुझ्या जागेत येईल. येऊ दे. जमत नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी एकटी जाऊन तिला रेल्वेने घेऊन येईन.

आणि जमलं, तर एक लक्षात ठेव. पुन्हा कुणी विचारलं, "ह्या तुमच्यासोबत आहेत का?" तर उत्तर मी देणार नाही. आई तुझ्याकडे बघत असेल.

त्या दिवशीही तुझ्यासोबतच होते ती,
ताई