मेलेल्या नायकाचं घरी येणं

तात्या, तुमची नात, माझी लेक, आता पुण्यात नोकरी करते, आणि ती नेमकं काय करते हे चारचौघींत सांगायची वेळ आली की माझी अजून गडबड होते. तिची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. ह्या खेळांना गोष्ट असते, ती गोष्ट लिहायचं काम हिचं. भजनाला येणाऱ्या बायकांना मी नुसतं ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. शनिवारी ती बारामतीला आली ती तोंड पाडूनच. मी ओट्याशी तांदूळ निवडत होते. ती पाटावर बसली आणि म्हणाली, “आई, आमच्या हिरोला मारायचं ठरलंय.”

मला आधी वाटलं कुणाशी भांडण झालंय. मग तिनं समजावलं. त्यांच्या एका खेळाचा पहिला भाग लोकांना फार आवडला, आता दुसरा काढायचाय. पण पहिल्या भागाच्या शेवटी त्या नायकाला सगळंच मिळालेलं आहे. ताकद, घोडा, तलवार, गावात मान. “तिथनंच पुढं सुरू केलं तर खेळणाऱ्यानं करायचं काय? म्हणून सुरुवातीलाच तो मरतो. मग जिवंत होतो, पण सगळं गेलेलं असतं. पहिल्यापासून शिकायचं.”

“मग आजारी पाडा की. मारायला कशाला पाहिजे?”

“अगं, आजारी माणसाची तलवार काढून घेतली तर लोक चिडतात. मेल्यावर काढली तर कोण विचारत नाही.”

“विचारतात गं,” मी म्हणाले. “परत आल्यावर त्याची बायको काय म्हणते?”

“बायको नाहीये त्याला.”

“मग सोपं आहे तुमचं.”

ती हसली, पण तिचं काम अडलेलं होतं. मारणं तिला जमलं होतं, उठवणंही जमलं होतं. उठून तो आपल्या गावात येतो तिथं तिची गोष्ट थांबली होती. लोक काय करतील, हे तिला सुचत नव्हतं. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारपर्यंत लिहून आण, नाहीतर हा भाग दुसऱ्याला देतो. “मेलेला माणूस दारात आल्यावर लोक करतील काय, आई? आनंदानं नाचतील?” असं तिनं सहज विचारलं. मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. इतक्या वर्षांत आपल्या घरातली ही गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. आईनंही कधी काढली नाही. शनिवारी मी सांगितली.

तुम्ही ट्रक घेऊन समुद्राकडच्या मुलखात गेला होता. तिकडं वादळ आलं, पाणी आत शिरलं, गावंच्या गावं गेली. मालकाचा माणूस इंदापूरहून सायकल मारत आला आणि अंगणातच खाली बसला. ट्रक उलटलेला सापडला होता, तुम्ही सापडला नव्हता. महिने गेले तेव्हा अण्णांनी, तुमच्या थोरल्या भावानं, भटजींना बोलावलं. दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला. तुमचे सदरे, धोतर, छत्री, पायताण, सगळं दान केलं. आईच्या बांगड्या फुटल्या. लायसनवरचा फोटो मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. त्या वर्षात तुमच्याइतका चांगला माणूस पंचक्रोशीत नव्हता, तात्या. जे तुमच्याशी बांधावरून भांडले होते, तेही येऊन सांगायचे, असा दिलदार गडी पुन्हा होणं न्हाय. मला तुमचा अभिमान वाटायचा. माझी नात्याची माणसं मला जवळ घ्यायची ती तुमच्यामुळं.

आणि वर्षश्राद्ध झाल्यावर तुम्ही आलात. कंबर मोडून धर्मादाय दवाखान्यात पडून होता, त्यांची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्यांना. बरे झाल्यावर एका देवळाच्या मुदपाकखान्यात भांडी घासून गाडीभाड्याची सोय केलीत. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की एष्टी स्टँडकडून कुणी लंगडत येतंय आणि बायका ओरडत दारं लावून घेतायत. अण्णा पुढं झाले. मला वाटलं मिठी मारतील. त्यांनी दोन्ही हात आडवे केले. “थांब. उंबरा वलांडू नगं. तुजं सगळं करून झालंय बाबा.”

तुम्ही म्हणालात, “अरं, पानी तरी दे.”

भटजींनी पोथी काढली. ज्याचे अंत्यविधी झाले तो परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा, नाव ठेवून घ्यायचं, आपल्याच बायकोशी लग्न लावायचं, मग घरात यायचं. शास्त्राला मी नावं ठेवत नाही. मी एकादशी मोडत नाही, रोजची पोथी चुकवत नाही. पण मुहूर्त निघेपर्यंत तुम्ही गुऱ्हाळात झोपलात. आता तिथून लोणी देवकरच्या कारखान्यांचे दिवे दिसतात, तेव्हा नुसता ऊस होता. आईनं तुमचं तोंड बघायचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि मी ती तुम्हाला नेऊन द्यायची. एकदा तुम्ही चालत परड्यात आलात, खिडकीखाली उभे राहिलात. आईनं आतूनच विचारलं, “आनकी भाकर पायजे का?” तुम्ही म्हणालात, “बोलत ऱ्हा. भाकरीचं बगू मागनं.” आई चुलीकडं बघत बसली. पण तव्यावरची भाकरी करपली, आणि आमच्या घरात भाकरी करपलेली मी तेव्हाच पाहिली.

मग तो दिवस. आजही डोळे मिटले की मी तिथं उभी असते. गुळाची मोठी काहील धुवून अंगणात ठेवली आहे. खरं तर ती तुपानं भरायची असते, पण आपल्याकडं वाटीभर तूप आणि बाकी विहिरीचं पाणी. तुम्ही त्यात बसलाय, गुडघे छातीशी, मुठी मिटलेल्या, डोळे मिटलेले. तुमची मोडलेली कंबर तशी वाकत नाही, म्हणून दोघं जण खांदे दाबून धरतायत. बोलायचं नाही, कारण तुम्ही अजून पोटात आहात. भटजींचं म्हणून होतं, अण्णा तुम्हाला बगलेत हात घालून उचलतात. सगळे वाट बघतात. जन्मलेलं बाळ रडायला हवं.

“रडा, तात्या,” भटजी म्हणतात.

“रडू कशापायी? पानी गार हाय म्हनून?” तुम्ही म्हणता, आणि अंगण हसतं. तुम्हीही हसता. ओले, लंगडे, मिशांतून तुपाचे थेंब गळतायत, आणि हसताय.

मग तुम्हाला धोतराच्या झोळीत टेकवून बायका नाव ठेवतात. नवंच नाव. मी अण्णांचा हात ओढते आणि मोठ्यानं विचारते, “ह्यांचं नाव तर आत्ता ठिवलं. मग आपलं तात्या कुठं हायत?”

तेव्हा तुम्ही रडलात. लहान मुलासारखं तोंड उघडून रडलात, आणि भटजी समाधानानं म्हणाले, “झालं. रडलं बाळ.” बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. दुपारी कासार आला, आईनं हिरवा चुडा भरला, तुमचं लग्न लागलं. “एकाच नवऱ्याशी दोनदा! नशीबवान गं बाई,” असं म्हणत बायकांनी आईला चिमटे काढले. भिंतीवरचा फोटो उतरवला. तिथं भिंतीचा चौकोन किती दिवस पांढरा दिसायचा.

मी एवढं सांगितलं तेव्हा नात म्हणाली, “आई, हेच तर आम्हाला हवंय! सगळं काढून घेतात, नाव पण, आणि मग पहिल्यापासून सुरू.” मी तिला म्हणाले, सुरू कुठं झालं? तुमच्या खेळात त्याला सगळं परत मिळवता येतं. एकेक हत्यार गोळा करतो, पुन्हा वर चढतो. तुझ्या आजोबांना क्लच दाबता येत नव्हता. ज्या ट्रकांवर हुकूम चालवला त्यांच्याच ट्यूबचे पंक्चर काढत बसले इंदापूरच्या हायवेवर. ड्रायव्हर लोक गाडी थांबवून बघायला यायचे. “काय बाळ, च्या घेतो का दूद?” चाळिशीचा माणूस, आणि गाव त्याला मरेपर्यंत बाळ म्हणालं. तुम्ही मान वर न करता हवा भरायचा. गाडीवाले जेवायला बसले की तुम्ही हळूच उभ्या गाडीच्या स्टेअरिंगमागं जाऊन बसायचा, इंजिन बंद, हात चाकावर. मी डबा घेऊन यायची आणि खाली उभी राहायची. हाक मारावीशी वाटायची नाही.

एकदाच तुम्ही माझ्यावर चिडलात. मी दहावीला होते. मैत्रिणीला तुमच्या दुकानात घेऊन आले आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, “हे माझे वडील. मरून परत आले.” तुम्ही पाना खाली टाकलात. “मी कुटनंबी परत आलो न्हाय. मी मेलोच न्हवतो. तुमीच मारलं आन तुमीच जल्माला घातलं. मला कुनी इचारलं?” मैत्रीण पळाली. तुम्ही पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागलात, आणि मी घरी येईपर्यंत रडत होते. तुमच्या त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला तो अपमान वाटला, इतक्या मायेनं केलेल्या सगळ्याचा.

मग तुम्ही खरंच गेलात. माझं लग्न होऊन मी बारामतीला आले होते. दहाव्याला तुमचे कपडे दान करताना मी एक सदरा पदराखाली घेतला. परत आलात तर तेव्हासारखा अण्णांचा सदरा घालून बसायला नको. वर्षभर संध्याकाळी दिवा लावला की मी दार लोटत नसे. ह्यांनी विचारलं, डास येतात, दार का उघडं? मी म्हणाले, लक्ष्मीची वेळ आहे. तुम्ही आला नाहीत. लोकांना वाटतं मेलेल्या माणसाचं दुःख एकदाच होतं. मला ते दोनदा झालं, आणि पहिल्या वेळचं दुःख खोटं होतं म्हणून कमी झालेलं नाही.

रविवारी सकाळी नातीनं विचारलं, “आई, हे खेळात घालू? काहील, पाळणा, सगळं?” तुमची पुन्हा जत्रा होणार, हे माझ्या पहिल्यांदा मनात आलं. आता तर साऱ्या जगात. मी म्हणाले, देवपूजा होऊ दे, सांगते. पूजेत मन लागलं नाही. गंध उगाळताना तुमचं तेच ऐकू येत राहिलं, मला कुनी इचारलं.

बाहेर येऊन मी तिला म्हणाले, “तुमच्या खेळात त्या माणसाला काही विचारतात का? म्हणजे, हे करायचं की नाही असं?”

“विचारतात की. खेळणाराच ठरवतो. दोन रस्ते ठेवता येतात.”

“मग दारात आल्यावर विचार त्याला. काहिलीत बसतोस, का सरळ घरात येतोस?”

ती विचार करायला लागली. “पण सरळ घरात गेला तर त्याचं काहीच जाणार नाही. नाव, ताकद, सगळं तसंच. मग पुढं खेळायला काय उरलं? खेळ तिथंच संपेल.”

“संपू दे की,” मी म्हणाले. “घरी आलाय ना तो.”

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. तो उघडून ती काहीतरी लिहायला लागली. मध्येच तिनं विचारलं, घरात शिरल्यावर काय दिसेल त्याला? मी सांगितलं, चूल पेटलेली असेल, बायकोच्या हातात बांगड्या असतील, आणि कुणी नवल करणार नाही. पोरगी म्हणेल, तात्या, पाय धुवून या.

हे पत्र मी तुमची परवानगी मागायला लिहायला घेतलं. वाणसामानाच्या वहीची कोरी पानं होती, म्हटलं लिहावं. पण नात रविवारी दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली, आणि ती पायरी उतरत होती तेव्हाच मी तिला ‘घाल’ म्हणून सांगून टाकलं होतं. आज मंगळवार आहे. तुम्ही नको म्हणाला असता, हे मला चांगलं माहीत आहे. ह्या वेळीही तुम्हाला कुणी विचारलं नाही, तात्या. पण खेळात का होईना, तुम्हाला न थांबता घरात आलेलं मला एकदा बघायचं होतं.