बिल्ल्यावरचा ‘र’

मेतोदी दादा,

शेळ्यांच्या कानांसाठी पिवळे बिल्ले मीच निवडले, धुक्यात लांबून दिसावेत म्हणून. त्यांवर ‘र’ लिहायला तू सांगितलंस. “र म्हणजे रुमेना. शेळ्या तुझ्याच ना?” म्हणालास. मी खुळी, हरखून गेले. काल एकेकीला मांडीत दाबून, चुचकारत एकोणतीस कान टोचले.

आज सकाळी खालच्या गावचा रांगेल आला. “माझ्या शेळ्यांना झकास खूण केलीस गं,” म्हणाला. तुझ्याशी सौदा ईस्टरच्या आधीच झालाय म्हणे.

मी देंका मावशीकडे चाललेय. दही विरजलंय, हलवू नकोस. दुपारी रांगेल गाडी आणेल. अकराजणी टोचायच्या राहिल्यात, बिल्ल्यांचा चिमटा टेबलावर आहे. त्यांना आता तूच धर. ओरडल्या तर माझं नाव घेऊन गप्प करू नकोस.

रुमेना