माहेरी येणारा मासा

आई, आज गळांचा डबा आवरायला काढला आणि तळाशी, गंजक्या गळांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार आमसुलं सापडली. तू टाकलेली. "गारठ्यात उभी असतेस, पित्त होतं, एक तोंडात धरत जा," म्हणाली होतीस. गारठ्याने पित्त होतं हे तुझं तुलाच माहीत! आमसुलांचा आता दगड झाला आहे, तू गेल्यालाही सोळा वर्षं होऊन गेली, आणि मी रविवारची सगळी कामं तशीच टाकून तुला लिहायला बसले आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. खरं म्हणजे दोन, पण पहिली तुला माहीत होती.

तू आलीस ती २००५च्या सप्टेंबरच्या शेवटी, सहा महिन्यांसाठी. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, एकटी, चौथं वर्ष संपवत होते, आणि पोरगी इथे धड आहे की नाही एवढंच तुला बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी तू लग्नाचा विषय काढलास, चौथ्या दिवशी मी तो उडवून लावला, आणि पाचव्या दिवशी मी लॅबमधून घरी येते तर घरभर तळणाचा वास! तव्यावर गुलाबी दाणे तडतडतायत, बाजूला रव्याची ताटली, आणि तू पदर खोचून उभी. "अगो, दह्याच्या डब्यात एवढी गाभोळी ठेवलीस आणि मला बोलली नाहीस?" मी ओरडलेच. ती गाभोळी, ती सगळी माशाची अंडी, मासे धरायचं आमिष होतं. माझ्या म्हाताऱ्याने दिलेली, टिकावी म्हणून कसलीशी पावडर चोळलेली, वर रंग घातलेला. मी तवा उचलून थेट कचऱ्यात उपडा केला. तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस. "गाभोळी माशांना घालायची? मग माणसांनी काय खायचं, पाव?"

माझा म्हातारा म्हणजे तुझे ते दाढीवाले भाऊजी. मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मला नदीकाठी एकटीला फेऱ्या मारताना बघून त्याने काही न विचारता माझ्या हातात एक रॉड दिला होता. चार वर्षं त्याने मला शिकवलं. पर्च मिळाले, बास मिळाले, एकदा कुणाचा तरी बूट मिळाला, पण ज्याच्यासाठी आम्ही थंडीत मरायला जायचो तो स्टीलहेड मला एकदाही मिळाला नव्हता. तू त्याला 'इस्टील' म्हणायचीस. मी तुला समजावून सांगितलं होतं, की हा ट्राउटच, पण नदीत जन्मतो, मोठा व्हायला लेक इरीत जातो, पावसाळी हवा सुरू झाली की ऑक्टोबरपासून परत नदीत चढायला लागतो, हिवाळाभर खोल पाण्यात पडून राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालून पुन्हा तळ्यात निघून जातो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी येते म्हण की! एवढं इंग्रजी कशाला?"

तुझा येण्या-जाण्याचा काळही नेमका तोच होता. इस्टील येणार तेव्हा तू आलीस, तो जाणार तेव्हा तू जाणार. आणि पहिल्याच आठवड्यात तू बोलून गेलीस, "तुझ्या हातचा एक मासा मला खायला घाल. मग मी समजेन तुझं इथे बरं चाललंय, आणि गप जाईन." चेष्टेत म्हणालीस, पण मी ते मनाला लावून घेतलं. बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचले नव्हते. त्यानंतर तुला माझी काळजी वाटू नये, निदान एवढं तरी मला जमायला हवं होतं.

ऑक्टोबरात तू माझ्याबरोबर यायचीस. धरणाच्या खालच्या बाजूला घडीची खुर्ची टाकून, साडीखाली माझी स्नो पँट घालून, मांडीवर मटार घेऊन बसायचीस. झाडं लालभडक झालेली, पाणी स्वच्छ, आणि मी कमरेपर्यंत नदीत उभी. तू भाऊजींशी मराठीत बोलायचीस आणि ते तुझ्याशी इंग्रजीत, आणि दोघांचं एकदाही काही अडलं नाही. ते मासा सोडून देतात हे कळलं तेव्हा मात्र तू खरोखर चिडलीस. "धरायचा, त्याच्या तोंडाला भोक पाडायचं आणि परत सोडायचा? त्यापेक्षा घरी बसा म्हणावं!" मी ते भाषांतर करून सांगितलं. ते इतके हसले की त्यांच्या हातातला रॉड पाण्यात पडला. पुढच्या खेपेला ते तुला द्यायला मासा घेऊन आले तर तू हात मागे घेतलास. "मला लेकीच्या हातचा हवा."

मग थंडी आली. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचा, तो तोंडात धरून विरघळवायचा, पुन्हा दोरा टाकायचा. तू यायचं सोडलंस, पण मी परत आले की आधी दारातून माझ्या हातांकडे बघायचीस, मग चहा टाकायचीस. कधी एक शब्द लावून बोलली नाहीस. उलट दापोलीला मावशीला फोनवर सांगायचीस, "आमची नदीत उभी राहून मासे मारते, भोयासारखी!" जणू रोज टोपलीभर आणत होते. मला इतकं बरं वाटायचं ते ऐकायला, आणि इतकं कसंतरी व्हायचं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी शेवटची संधी होती. मंगळवारी तुझं विमान. बर्फ वितळून नदी गढूळ झालेली, मासा भरपूर चढलेला, भाऊजींना दोन मिळाले. मला एक लागला, सुटला. चार वाजता मी रॉड आवरला, गाडीत बसून रडले, आणि परतताना मासळीच्या दुकानात जाऊन त्यातल्या त्यात मोठा ट्राउट घेतला. साफ केलेला, पण डोक्यासकट. दुकानाचा कागद वाटेत फेकून दिला आणि तो माझ्या ओल्या पिशवीत घातला. काय डोकं चाललं बघ माझं!

तू मासा खिडकीशी नेलास. अंगठ्याने दाबलास. "कल्ले कुठायत?" नदीवरच साफ केला, म्हटलं. "आणि गाभोळी?" नर होता, म्हटलं. मग तू त्याचा जबडा उघडून आत बघितलंस, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. बराच वेळ. आणि म्हणालीस, "ताजा आहे हो." आई, दापोलीच्या बाजारात टोपलीत उड्या मारणाऱ्या माशालाही तू 'कालचा दिसतोय' म्हणायचीस! तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण तू आमसुलं आणि तिरफळं घालून कालवण केलंस, बोटं चाटून जेवलीस, भाऊजींना डबा भरून दिलास, आणि मंगळवारी एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेतून वळून म्हणालीस, "मी आता निर्धास्त जाते." मी घरी येऊन तुझी न आवरलेली चादर तशीच ठेवून दोन दिवस झोपले.

पुढच्या हिवाळ्यात मी हट्टाने जात राहिले. म्हाताराही बरोबर असायचा. आणि २००७च्या मार्चमध्ये, एका सकाळी, दोरा तरंगत जाता जाता थांबला, मी झटका दिला, आणि पाण्यातून जे काही वर उसळलं ते बघून माझी बोबडीच वळली. वीस मिनिटं मी काठाने धावत होते, म्हातारा जाळं घेऊन मागून धावत होता, दोघेही ओरडत होतो. मादी होती. हातभर लांब, पाठ पोलादी, गालावर गुलाबी पट्टा, पोट गच्च. मी गळ काढायला तिचा जबडा उघडला आणि तिथे, ओठाच्या कोपऱ्यात, एक बारीकसं भोक होतं. गळाचं. आणि मला तुझी खिडकी आठवली. तू हेच शोधत होतीस. या बाजूला नव्हतं, त्या बाजूलाही नव्हतं, आणि तू म्हणालीस, ताजा आहे हो.

मी गाडीतूनच कॉलिंग कार्डाचे नंबर दाबले. तुझ्याकडे संध्याकाळ होती. "आई, आणखी एक मिळाला," म्हटलं. तरीही मला 'पहिला' म्हणवेना! तुझा पहिला प्रश्न, "तोंड बघितलंस त्याचं?" बघितलं, म्हटलं. "मग झालं तर," म्हणालीस, आणि तुला हसू आवरेना. मलाही आवरेना. आपण दोघी किती तरी वेळ नुसत्या हसत होतो, आणि त्या विषयावर पुन्हा कधी एक अक्षर बोललो नाही. मग तू विचारलंस, गाभोळी होती का? होती, म्हटलं. कशी केलीस? रव्यात तळते आहे, म्हटलं. "जळू देऊ नको हो," म्हणालीस. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तू गेलीस. या वेळीही मी वेळेत पोचले नाही.

तेव्हा राहिलेली दुसरी गोष्ट ही. मी ती गाभोळी तळली नाही. मी त्या मादीला सोडून दिलं, फोन करायच्या आधीच. पाण्यात धरून ठेवलं, ती शेपटी हलवायला लागली, आणि हात काढून घेतले. म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, हिच्यासाठी एवढी सहा वर्षं घालवलीस, आईला काय सांगशील? माहेरी आलेली होती, आई, बाळंतपणाला. आणि तू पानाशी नसताना तो मासा माझ्या घशाखाली उतरला नसता. तू धरून सोडणाऱ्यांना काय म्हणायचीस ते आठवतंय मला. मी अजून दर मार्चला नदीवर जाते, मजेत असते, आणि मिळालेला प्रत्येक मासा सोडते.

हे पत्र घडी करून गळांच्या डब्यातच ठेवते, आमसुलांपाशी. त्या दुकानातल्या माशाचं तुला कळलंच होतं, पण हे कळलं नव्हतं असं वाटतं. कळलं असतं तर तू हसली नसतीस, चांगलं फैलावर घेतलं असतंस मला.