सांडशीची बहीण

३ ऑगस्ट, रविवार

सतरा तारखेला स्पर्धा! जिमच्या मास्तरांनी आज जाहीर केलं. मी नाव द्यायला पुढे झाले तर आमच्यातला कंपाउंडर म्हणतो, "ताई, टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच की." सगळे खो खो हसले. हसा. दिलं मी नाव.

सहा पुरुष आणि मी. जिमच्या मागच्या गोदामात दर रविवारी जमतो. लोक धावतात, पोहतात — आम्ही मुठी आवळतो! स्प्रिंगचे ग्रिपर मुठीत दाबून मिटायचे, मनगटाएवढा जाड दांडा एका हाताने उचलायचा, दोन गुळगुळीत लोखंडी प्लेटा नुसत्या चिमटीत धरून उभं राहायचं. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. आहेच. पण मला हौस म्हणून दुसरं आहे काय? नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून सोफ्याचं दुकान, आई आणि हे.

मास्तर नाव लिहिताना थबकले आणि म्हणाले, "काय लिहू? सांडशीची बहीणच लिहितो. सगळ्यांना कळेल."

सांडशी म्हणजे माझा दादा. धरलं की सुटत नाही, म्हणून सांडशी. इतकी वर्षं दर स्पर्धा त्याचीच. मला तिथे जायला लागून दोन वर्षं झाली, आणि मी अजून बहीणच.

५ ऑगस्ट

आज तीन खुर्च्या मढवल्या. जुनं रेक्झिन इतकं कडक की ताणून ताणून बोटं सुन्न झाली. शेठ म्हणाले, "तू ताणलंस की सुरकुती पडायची बिशाद नाही." बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं.

घरी आईला सांगितलं, स्पर्धेत उतरतेय. तिने माझा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. "बाईच्या हाताला एवढे घट्टे? दादाचे हात बाबांवर गेलेत. तुझे कुणावर गेलेत कोण जाणे!"

बाबांवरच गेलेत, आई. शाळेतून आले की टायरच्या दुकानात बाबांच्या हाताखाली कोण असायचं? रिमवरून टायर उतरवायला मी दादाच्या आधी शिकले. तो तेव्हा क्रिकेट खेळत हिंडायचा. पण बाबा गेले तेव्हा दुकान दादाचं झालं. "हे काम बाईचं नाही." कोण म्हणालं? हीच आई. मी जेवायच्या ताटावरून उठले नाही तेव्हा. उठायला हवं होतं.

९ ऑगस्ट

दादा गेले तीन रविवार सरावाला आलेला नाही. आज दुकानावरून येताना त्याच्याकडे डोकावले. साहेब खुर्चीत बसलेले! कामगार टायर उतरवतोय, हे नुसते "अरे, इकडून घे, तिकडून घे."

"सराव नको का?" मी विचारलं.

"तुला हरवायला सराव कशाला?"

आणि हसला. वर विचारतो, चहा घेणार का! नाही घेतला. घरी येईपर्यंत रस्ताभर मनात त्याच्याशी भांडत होते. मनातल्या भांडणात मी कधीच हरत नाही.

१४ ऑगस्ट

अंगठ्याची कातडी फाटली. चिकटपट्टी लावून धरलं. रागाने पकड वाढते हे खरं आहे!

१७ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहायचंय, पण पेन धरवत नाहीये.

ग्रिपरमध्ये दादा चौथा आला. चौथा! मला वाटलं हात राखून ठेवतोय. मी दुसरी. जाड दांड्याला कंपाउंडरचा अंगठा सटकला आणि तो दांड्यालाच शिव्या घालत बसला. तिथे मी पहिली. दादा कसाबसा दुसरा. शेवटच्या चिमटीला बाकीचे एकेक करून बाद झाले, आम्ही दोघंच उरलो. समोरासमोर उभं राहायचं, दोघांनी एकदम प्लेटा उचलायच्या, ज्याच्या आधी पडतील तो गेला.

मास्तर म्हणाले, "उचला."

उचलल्या. मी आधी प्लेटांकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग दादाच्या तोंडाकडे. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, नाटकं करतोय. माझा अंगठा जळत होता. सोडून द्यावंसं वाटलं. मग ते "बाईचं काम नाही" आठवलं आणि मी मनात म्हटलं, हात तुटला तरी चालेल.

धाडकन आवाज झाला. माझ्या प्लेटा हातातच होत्या! खाली पडल्या होत्या त्या दादाच्या.

मी जिंकले. दादाला हरवलं. मी!

किती वेळ टिकला हा आनंद? कंपाउंडरचं तोंड उघडेपर्यंत. "सोडली! अरे, सांडशीने बहिणीसाठी चिमूट सोडली! भाऊ असावा तर असा!" आणि सगळे दादाच्या पाठीवर थापा मारायला धावले. दादाच्या! मी प्लेटा हातात घेऊन तशीच उभी. मास्तरांनी येऊन त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, लहान मुलाच्या हातातून खेळणं घ्यावं तशा.

मी दादाकडे पाहत होते. आता म्हणेल, नाही रे, तिने खरंच हरवलं. एवढं एक वाक्य!

तो हसला आणि म्हणाला, "लहान आहे. घेऊ दे तिला एकदा."

१८ ऑगस्ट

त्याने आईला फोनसुद्धा केलाय. ती सकाळी चहा देताना म्हणते, "दादाने मन मोठं केलं हो. तूही जरा शिक."

चहा तसाच ओतून दिला.

हरवलं असतंस तर चाललं असतं रे. हरायची सवय आहे मला. पण जिंकलेलंही भीक म्हणून घ्यायचं?

२१ ऑगस्ट

गेले त्याच्या दुकानात. गिऱ्हाईक होतं, कामगार होता. असू देत.

"खरं सांग. सोडलीस?"

"आत चल, बस जरा."

"इथेच सांग."

त्याचे हात खिशात. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. सोडली. झालं समाधान?"

"मग परत धर. एकतीसला, सगळ्यांसमोर. आणि या वेळी सोडू नकोस."

"हट्ट नको करूस गं."

"का? घाबरलास?"

गिऱ्हाईक हसलं. दादाचा चेहरा पडला. पडू दे. कामगारासमोर पाणउतारा झाला की कसं वाटतं ते एकदा कळू दे! तिथूनच मास्तरांना फोन लावला. ते खूश. एकतीसला फक्त चिमूट, फक्त आम्ही दोघं.

२४ ऑगस्ट, रविवार

गोदामात दुसरा विषय नाही. कंपाउंडर म्हणतो, "ताई, मिळालं होतं ते गोड मानून घ्यायचं होतं. आता तो दया-माया दाखवणार नाही हं!"

दादा आलाच नाही. सराव कशाला लागतो त्याला.

२७ ऑगस्ट

आईशी बोलणं बंद. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही!

२९ ऑगस्ट

दुपारी वहिनी दुकानात आली. तिचा पाय माझ्या दुकानाला कधी लागला नव्हता. मी स्टूल दिलं नाही. कापलेल्या फोमच्या ढिगाशेजारी उभी राहून म्हणाली, "ताई, एकतीसचं रद्द करा."

"त्याला पाठवायचं होतं ना. तुम्हाला का पाठवलं?"

"ह्यांना माहीत नाही मी आलेय." आणि रडायलाच लागली. शेठ मागच्या खोलीत निघून गेले.

मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. उन्हाळ्यापासून दादाच्या हातातून वस्तू पडताहेत. आधी कप, मग पाना, मग गाडीची चावी. आधी हसण्यावारी नेलं. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. हाताकडे जाणाऱ्या नसा वाळत चालल्यात. उजवा झाला, आता डावा सुरू होईल. पुढे पायही. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही. स्पर्धेच्या आधीच कळलं होतं. "नका जाऊ म्हटलं, तर म्हणाले, एकदा शेवटचं बघू दे."

शेठना सांगून तिच्याबरोबर निघाले. दादा शर्ट घालायच्या खटपटीत होता. बटण काजात जात नव्हतं. मला बघितल्यावर पाठ फिरवली. वहिनी पुढे झाली, तर तिच्यावर खेकसला. मग खाटेवर बसला. वहिनीने बटणं लावली.

मग मी विचारलं. लाज वाटते लिहायला, पण अशा वेळीही मी हेच विचारलं. "सोडली होतीस का?"

"जीव तोडून धरली होती गं," दादा म्हणाला. "सुटली."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? हात गेला म्हणून? उद्यापासून सगळे दार उघडून देतील, पिशवी धरतील. दुकानात कोण टायर देईल माझ्याकडे? सोडली म्हटलं की निदान सांडशी म्हणून तरी राहिलो." मग म्हणाला, "तेवढं राहू दे ना. आईलासुद्धा सांगू नकोस."

मी हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही. उठले आणि आले.

घरी येऊन रडले. खरं लिहिते, सगळं त्याच्यासाठी नव्हतं. थोडं माझ्यासाठीही होतं. जन्मात एकदा जिंकले, आणि तेही असं. ज्याचा हात चालत नाही त्याच्यावर! दादाचाही राग आला, त्या वाळणाऱ्या नसांचाही. कुणाकुणावर रागवायचं? आई दाराशी येऊन विचारत होती, काय झालं. तुझा लाडका आजारी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. "डोकं दुखतंय," म्हटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

सगळे जमले होते. दादा दाराजवळ उभा, पांढराफटक. मास्तर प्लेटा मांडत होते.

मी म्हटलं, "मांडू नका. दादाने सोडलीच होती. मला तेव्हाच कळलं होतं, उगाच हट्ट केला."

कंपाउंडर टाळी देत म्हणाला, "बघा! मी पहिल्यापासून सांगत होतो की नाही?"

"हो," मी म्हटलं. "तू बरोबर सांगत होतास."