सकाळी सातचं इंजेक्शन

३ मार्च, मंगळवार

पोट कापून घेणार आहेत म्हणे! मास्तर. माझा नवरा. चौदा वर्षं साखरेचा रोगी, तीस वर्षं शिंपी आणि आजपासून विज्ञानाचा भक्त.

जेवताना सांगितलं. तेही बटण तुटल्याचं सांगावं तसं. "तारीख मिळालीय. बारा." शेजारी नणंद, हातात गुळगुळीत माहितीपत्रक. त्यावर एक बाई जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून हसतेय. माणसाच्या हावेची इतकी आनंदी जाहिरात मी आजवर पाहिली नव्हती.

"वहिनी, वजनासाठी नाही हो, साखरेसाठी. दादाचे डोळे बघा ना. परवा दोरा ओवायला त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं."

म्हटलं, "तोंड आवरत नाही म्हणून पोट शिवून घ्यायचं?"

मास्तर म्हणाले, "शिवणं माझ्याच धंद्यातलं आहे, बाईसाहेब."

नणंद हसली. मी नाही.

५ मार्च, गुरुवार

संयम या विषयावर मी किती सभांत बोलले असेन? मोजदाद नाही. तुरुंगात बसून ग्रंथ लिहिणाऱ्यांबद्दल बोलले, उपोषणाला बसलेल्यांबद्दल बोलले. माणूस म्हणजे त्याचा निश्चय – बाकी मांस. हे मी नुसतं बोलत नाही, घरात करून दाखवते.

सकाळी सातला बातम्या लागतात. मी फ्रिजमधून इन्सुलिन काढते, चाळीस युनिट भरते. मास्तर शिलाई मशीनपुढच्या बाकावर बसतात, शर्ट वर करतात. मी शेजारी बसून टोचते. काल डावीकडे, आज उजवीकडे. नऊ वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही! परगावी भाषण असलं तरी मी मुक्काम करत नाही. हार घेते, गाडी पकडते, सातच्या आत घरात. आयोजक म्हणतात, "ताई, केवढी ही शिस्त!"

आणि साखर? दोनशे दहा. दोनशे चाळीस. दोनशे पंचावन्न. कारण आज सापडलं – कापडावर खुणा करायच्या खडूंच्या डब्यात. खाली बिस्किटं, वर खडू! पन्नाशी उलटलेला माणूस!

"ती खडूंना सोबत म्हणून," म्हणाले.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरांना भेटून आले. प्रतीक्षागृहात माशांची काचपेटी. मासेसुद्धा लठ्ठ.

डॉक्टर तरुण, बूट चकचकीत, उत्तरं तयार. कागदावर चित्र काढलं. जठराची अंड्याएवढी पिशवी करायची, आतडं खालून उचलून थेट तिला जोडायचं. "अन्न वरचा तुकडा वगळून जातं. त्यामुळे आतडं शरीराला वेगळे निरोप धाडतं. इन्सुलिन जास्त आणि वेळेवर सुटतं. साखर आधी उतरते, वजन मागाहून."

"निरोप?" मी विचारलं. "पोट आहे की टपालखातं?"

"टपालखातंच समजा," हसून म्हणाला. माझा टोमणा मलाच परत करतो, शहाणा!

"रोग बरा होईल असं लिहून द्या."

"नाही देणार. काहींची साखर वर्षानुवर्षं ताब्यात राहते, काहींची पुन्हा चढते. दुखणं जितकं जुनं तितकी खात्री कमी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर."

जन्मभर! हा शब्द मी वहीत टिपून घेतला. भाषणात चालेल.

मास्तर सगळा वेळ चित्राकडे बघत होते. निघताना म्हणाले, "म्हणजे कंबर आवळायची नाही, अस्तरच बदलायचं." डॉक्टर खूश. दोन कारागीर भेटले एकमेकांना!

१२ मार्च, गुरुवार

झालं. दोन तास. पाच छिद्रं. शुद्धीवर आल्यावर पोटाकडे बघून पुटपुटले, "काजं बरी केलीयत."

१४ मार्च, शनिवार

साखर एकशे बत्तीस. परवापासून इन्सुलिनचा थेंब नाही.

नर्सनं आकडा असा सांगितला की जणू तिनंच बाळंत होऊन दिला. नणंदेचे डोळे भरले. मी म्हटलं, उपाशी ठेवलेल्या माणसाची साखर उतरेल नाहीतर काय! त्याला पाच छिद्रं कशाला हवीत? नर्स म्हणाली, "उपासानं थोडी उतरते, आजी. एवढी नाही."

आजी!

१६ मार्च, सोमवार

घरी आणलं. सोबत कागद. ठळक अक्षरांत – इन्सुलिन बंद. संध्याकाळची साखरेची गोळी बंद. दिवसातून दोनदा तपासा. दोनशेच्या वर गेली तर फोन करा, स्वतःहून काही देऊ नका.

स्वतःहून! नऊ वर्षं कोणी दिलं?

"वहिनी, फ्रिजमधल्या त्या बाटल्या टाकून द्या."

टाकल्या नाहीत. अंड्यांच्या मागे ठेवल्या. परत लागतील तेव्हा हीच धावत येईल.

१७ मार्च, मंगळवार

सातला बातम्या लागल्या. मी सवयीनं उठले, फ्रिजपर्यंत गेले, परत आले. मास्तर बाकावर येऊन बसले होते. काय करायला, त्यांचं त्यांना ठाऊक. थोड्या वेळानं उठून गेले.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी एकशे आठ. चार चमचे सूप पिऊन पोट भरतं. वजन जेमतेम तीन किलो उतरलंय. खडूंच्या डब्यात आता नुसते खडू.

गिऱ्हाइकं येतात, बघतात, तोंडभरून बोलतात. "मास्तर, तेज आलंय!" कोपऱ्यावरचा न्हावी तर पत्ता लिहून घेऊन गेला. चौदा वर्षं मी या माणसाला हात धरून चालायला नेलं, ताट मोजून वाढलं, स्वयंपाकघरात तक्ता लावला – तेव्हा एकाला तेज दिसलं नाही. एका पोरगेल्या डॉक्टरनं नळ फिरवला आणि निघाली मिरवणूक!

२१ मार्च, शनिवार

आज सभागृह भरलेलं. खूप दिवसांनी असं बोलले.

म्हटलं – "मित्रहो, आता निश्चयही भाड्यानं मिळतो! भूल द्या, कापा, जोडा, बिल भरा! चौदा वर्षांचा रोग आठ दिवसांत पळाला म्हणे! पळाला नाही, दबा धरून बसलाय. ज्याला स्वतःचा हात आवरला नाही, त्याला आतडं काय आवरणार?" टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतून एक जाडसर बाई उठली. वाटलं, प्रश्न विचारणार. ती दारातून बाहेर गेली. खरं झोंबतंच.

मास्तर आले नव्हते. "टाके दुखतात," म्हणाले. टाके!

२२ मार्च, रविवार

रात्रीच्या सूपनंतर एकशे अठ्ठेचाळीस.

चढली! म्हटलंच होतं!

मास्तर म्हणाले, "जेवल्यावर चढतेच की थोडी. कागदावर लिहिलंय." कागद! मला कागद दाखवतात! कागदावर दोनशे लिहिलंय म्हणून दोनशेची वाट बघत बसायची? आग विझवायला ती छपरापर्यंत जाऊ द्यायची? उद्या सातला बघते.

२३ मार्च, सोमवार

घडलं तसं लिहिते.

सातला वीस युनिट दिलं. निम्मं. स्वतःशी म्हटलं, मी काही राक्षस नाही. मास्तरांनी सिरिंजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शर्ट वर केला.

साडेदहाच्या सुमाराला मी आत उद्याचं टिपण काढत होते. मशीनचा आवाज थांबला. मग कात्री पडली. गेले तर मास्तर मशीनवर आडवे, घामानं शर्ट भिजलेला, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. "मास्तर!" म्हटलं, तर कोणा गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "गुरुवारी मिळेल."

यंत्रावर आकडा – अडतीस.

घरात साखर नाही! चौदा वर्षांपूर्वी मीच हद्दपार केली, आणि त्याचा केवढा अभिमान! अनवाणी धावले न्हाव्याकडे. त्याच्या चहाच्या डब्यातली साखर मुठीत आणली. हिरड्यांवर चोळली. बोट चावलं त्यांनी. न्हाव्यानं गाडी काढली.

२४ मार्च, मंगळवार

वाचले. सलाईनमधून ग्लुकोज. रात्रभर तासातासाला तपासणी. आता एकशे वीस.

डॉक्टर आला. बूट चकचकीत नव्हते, रात्री घरी गेलाच नसावा. विचारलं, "इन्सुलिन कोणी दिलं?"

मी तोंड उघडलं. हजार माणसांपुढे ध्वनिक्षेपकाशिवाय बोलणारी मी! आवाज फुटेना. मास्तर म्हणाले, "मीच घेतलं. सवयीनं."

नणंद कडाडली त्यांच्यावर. "दादा, अक्कल गहाण टाकलीस का? वहिनी होती म्हणून वाचलास!"

ते मुकाट ऐकत राहिले. मीही. आयुष्यभर भेकडांना नावं ठेवली. भेकड कसा दिसतो, ते आज खिडकीच्या काचेत पाहिलं.

२५ मार्च, बुधवार

डॉक्टरला गाठलं आणि सांगितलं – मी दिलं. मुद्दाम दिलं. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून.

वाटलं, चांगलं सुनावेल. त्यानं केसपेपरच्या मागे टिपून घेतलं. "अंदाज होता. ज्याला डोळ्यांमुळे सुईत दोरा ओवता येत नाही, तो माणूस सिरिंज कशी भरणार?" एवढंच. मग पेशंट बघायला गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

नणंदेलाही सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

२७ मार्च, शुक्रवार

घरी आणलं. बाटल्या नाल्यात रिकाम्या केल्या. तक्ता उतरवला. त्यामागे भिंतीचा जुना रंग निघाला, चौकोनी.

आयोजकांचा फोन – "ताई, शनिवारचं भाषण गाजलं! पुढच्या रविवारी तेच आमच्याकडे." म्हटलं, "तेच नाही. आणि मीही नाही." ते समजले, प्रकृती बरी नाही. समजू देत.

ती मागच्या रांगेतली बाई कोण होती?

२८ मार्च, शनिवार

सातला बातम्या लागल्या. रिकाम्या हातांनी गेले. मास्तर बाकावर होते. सरकले.

विचारलं, "देऊ नये हे तुम्हाला ठाऊक होतं. मग शर्ट का वर केलात?"

टेपची गुंडाळी केली. मग म्हणाले, "दिवसभरात तू तेवढीच जवळ बसतेस."