खारूची दोन उत्तरं

प्रिय,

हा शब्द लिहिताना हात अडला. पण ‘महोदय’ लिहिण्याइतकं वकिली वळण अजून माझ्या अंगात मुरलेलं नाही, म्हणून जुनाच शब्द राहू दे.

काल तुझं व्याख्यान ऐकलं. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले होते. छान बोललास. बोलणं हाच माझा धंदा, तेव्हा ही दाद फुकटची समजू नकोस. पूर्वी तू स्वतःच्या शर्टाशी पुटपुटायचास. परिचारिकांच्या संघटनेतली माझी भाषणं ऐकून ऐकून कुठे थांबायचं ते तुला कळलंय. पडद्यावरच्या चित्रफितीतली ती पोर गोंधळून इकडे-तिकडे बघायला लागली, तिथे तू थांबलास. सभागृह हसलं. मग तू हळूच म्हणालास, मुलांची बुद्धी कमी पडत नाही, आपले प्रश्न कमी पडतात. काय टाळ्या पडल्या! माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, किती समजून घेतात हो मुलांना! मी म्हटलं, हो ना, घरी तर विचारूच नका.

‘एका लहान मुलीने मला हे शिकवलं,’ म्हणालास. एका लहान मुलीने! सरळ सांग ना, आपल्या खारूने. पाच वर्षांची होती. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय लोंबकळत बसलेली, समोर बटणांच्या दोन सारख्या ओळी. कुठे जास्त, तू विचारलंस. सारखीच, ती म्हणाली. मग एका ओळीतली बटणं तू लांब लांब सरकवलीस आणि तोच प्रश्न पुन्हा विचारलास. तिने तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि लांब ओळीवर बोट ठेवलं. तू मान डोलावलीस, म्हणालास, अजून समज आलेली नाही, या वयात असंच व्हायचं. मी ओट्याशी भांडी विसळत होते. तू फोन घ्यायला उठलास तशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आई, सारखीच होती गं, पण बाबाने परत विचारलं म्हणजे त्याला माझं उत्तर आवडलं नाही ना? मी तुला ते सांगितलं आणि तू तिला उचलून घरभर नाचलास. खारूबाई, माझी दहा वर्षं वाचवलीत! त्या दिवसापासून तुझ्या कामाचा नियम ठरला: मुलाला एक प्रश्न एकदाच विचारायचा. पुन्हा विचारायचाच, तर दुसऱ्या माणसाने. शाळाशाळांतून मुलं तपासून तू ते सिद्ध केलंस. मला तुझा अभिमान वाटायचा. हे ‘वाटायचा’ लिहिताना तोंड कडू होतं.

खारू गेल्या रविवारी माझ्याकडे होती. गालावर हात धरून बसली होती. दात दुखतोय का, विचारलं, नाही म्हणाली. मी आपली आई, परत विचारलं, हो म्हणाली. उचलून दंतवैद्याकडे नेली. ते म्हणाले, दात अगदी ठणठणीत आहेत. बाहेर आल्यावर पोरगी मला म्हणते, मला वाटलं, तुला तसं हवंय. आठ वर्षांची मुलगी, स्वतःच्या दाताबद्दलसुद्धा आमचा चेहरा वाचून बोलते! मोठी माणसं मुलांवर राज्य करतात ती मारून नव्हे, भुवईने. भुवई जरा वर गेली की मूल शरण येतं, आणि आपण त्याला शहाणपण म्हणतो. हे मी भाषणात म्हटलं तर लोक टाळ्या वाजवतील. तू म्हटलंस तर त्याला शास्त्र म्हणतील.

आता न्यायाधीशांचं दालन आठव. खारूशी एकटीशी बोलून झाल्यावर त्यांनी आपल्याला वकिलांसकट आत घेतलं. सज्जन गृहस्थ. अगदी समाधानाने म्हणाले, मी घाई केलेली नाही. आधी ती ‘आईकडे राहायचंय’ म्हणाली, तेव्हा खात्री करायला मी पुन्हा विचारलं, बाळ, नक्की ना? नीट विचार कर. मग म्हणाली, बाबाकडे. म्हणजे विचारपूर्वक सांगितलंय. मी ताडकन उठले. म्हटलं, साहेब, तोच प्रश्न परत विचारला की मुलं उत्तर बदलतात. तुझा वकील म्हणाला, बाईंना ही सभाच वाटतेय. हशा पिकला. न्यायाधीशांनी हसू आवरून विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तुझ्याकडे बघितलं. तू वाकून बुटाची नाडी बांधत होतास.

एवढ्या माणसांत ज्याच्या शब्दाला वजन होतं असा तू एकटाच होतास रे.

मी निकालाच्या फेरविचाराचा अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे आणि साक्षीला मी तुलाच बोलावतेय, हे सांगायला हे पत्र. माझ्या वकिलांनी कपाळावर हात मारला: ताई, समोरच्यालाच साक्षीदार करता? करते. खारूचं पहिलं उत्तर खरं होतं, असा माझा दावा नाही. ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि तरी दुसऱ्या उत्तरावर तू तिला घेऊन गेलास. तिला कुणीतरी अनोळखी माणसाने नीट, तुझ्याच पद्धतीने विचारावं, एवढंच मागणं आहे. तिने तुझं नाव घेतलं तर मी एक अक्षर बोलणार नाही. काल सभागृहात जे बोललास तेच तिथे येऊन बोल. नाही आलास तर ती तुझ्याकडेच राहील, मी हरेन. पण ती मोठी होईल. तुझं संशोधन वाचेल, निकालपत्रही वाचेल, आणि दोन्हींवरच्या तारखा शेजारी ठेवून बघेल. बाबाला तेव्हा माहीत होतं का, हे विचारायला ती माझ्याकडे यायची नाही. तिचं तिलाच कळेल. मुलांची समज कोणत्या वयात कुठवर पोचते, हे मी तुला सांगायला नको.

एकेकाळी तुझीच,
आता फक्त खारूची आई